सोलापूरचा कान आणि गाणारं नाटक

सोलापुरात नाटकाचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो: ‘गाणी आहेत का?’ कुणी हे आशेनं विचारतं, कुणी धास्तीनं. म्युझिकल, ऑपेरा, बॅले हे शब्द आता मोबाइलवरून घरोघरी पोचले आहेत आणि आवडीनिवडींच्या गप्पांत सहज येतात. पण ही आवड ठरते ती त्याच जुन्या प्रश्नावर. तो आपल्याकडे एवढा ठाण मांडून का बसला, हे कळायला थोडं मागं जावं लागतं.

हे गाव एका भाषेचं कधीच नव्हतं. १८६० साली रेल्वे आली, १८७७ साली जुनी मिल उभी राहिली. मागांवर तेलुगू बोलणारी पद्मशाली कुटुंबं, बाजारात कानडी, दख्खनी उर्दूचे मोहल्ले आणि या सगळ्यांना बांधणारी मराठी, असा गावाचा घाट. अशा गावात नुसत्या शब्दांवर उभं असलेलं नाटक अर्ध्या गावापर्यंत पोचतं. चाल मात्र सगळ्यांची होते. माझ्या मते सोलापूरच्या नाट्यरुचीचं मूळ इथं आहे. मिलच्याही कितीतरी आधी, पेशवाईच्या उत्तरकाळात, राम जोशी (१७६२–१८१२) या सोलापूरच्याच शाहिरानं लावणी आणि कीर्तन दोन्ही गाजवलं होतं. संस्कृत जाणणारा हा माणूस ढोलकीच्या साथीवर उभा राहिला. म्हणजे ‘वरचं’ आणि ‘खालचं’ गाणं एकाच गळ्यातून ऐकायची सवय आपल्याला दोनशे वर्षांपासून आहे.

मराठी नाटकाचा जन्मही सीमेवरचाच. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या संस्थानिकांनी पाहिले आणि तसं काही मराठीत करायला विष्णुदास भाव्यांना सांगितलं. ५ नोव्हेंबर १८४३ ला ‘सीतास्वयंवर’ झालं. पुढं हे देणं उलटं फिरलं. मराठी मंडळ्या उत्तर कर्नाटकात इतक्या लोकप्रिय झाल्या, की गदगच्या शांतकवींना कन्नड नाटकासाठी स्वतःची मंडळी काढावीशी वाटली. अण्णासाहेब किर्लोस्कर हे तर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. सोलापूरचा कानडी प्रेक्षक संगीत नाटकात पाहुणा नव्हता. त्या घराच्या पायातच त्याची वीट होती.

३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले. ऑपेराशी आपलं नातं इथं जुळतं. पारशी कंपन्या मुंबई-पुण्यात गाण्यांनी भरलेले खेळ करत आणि जाहिरातीत त्यांना चक्क ‘ऑपेरा’ म्हणत. ते पाहून किर्लोस्करांनी संगीत नाटक रचलं. नाटकात दोनशेच्या आसपास पदं. साकी, दिंडी ही मराठी वृत्तं, लावणीची चाल, कीर्तनाची चाल, कर्नाटकी वळण, सगळं त्यात आलं.

मात्र एक फरक नीट ध्यानात घ्यायला हवा. इटलीत १६०० च्या सुमाराला ऑपेरा जन्मला तो ‘ग्रीक लोक शोकांतिका गातच असणार’ या समजुतीतून. त्यामुळं तिथं ‘दार लाव’ हे वाक्यसुद्धा गायचं. किर्लोस्करांनी बोलणं आणि गाणं वेगळं ठेवलं. आधी संवाद रंगायचा, मग भाव दाटला की पद. युरोपात याच्या जवळचा प्रकार म्हणजे जर्मन ‘झिंगश्पील’. मोझार्टचं ‘मॅजिक फ्लूट’ (१७९१) त्यातलंच, आणि आजच्या बहुतेक म्युझिकलही याच बांधणीच्या. म्हणून संगीत नाटकावर वाढलेल्या माणसाला म्युझिकल पहिल्याच वेळी आपली वाटते, आणि ऑपेरातलं ते अखंड गायलेलं बोलणं खटकतं. यात त्याच्या रसिकतेचा दोष नाही. त्याचा कान पदाची वाट पाहत असतो.

‘वन्स मोअर’चंही तसंच. एकच पद पुन्हा पुन्हा घेतल्यानं पहाटेपर्यंत लांबलेल्या प्रयोगांच्या कथा प्रत्येक जुन्या घरात आहेत आणि नव्या पिढीला तो अडाणीपणा वाटतो. पण व्हिएन्नात हेच होत होतं. १७८६ साली मोझार्टच्याच ‘फिगारो’ या ऑपेराच्या प्रयोगांत इतक्या फर्माइशी झाल्या, की सम्राट दुसऱ्या जोसेफला हुकूम काढावा लागला: एकापेक्षा जास्त गायकांनी मिळून गायलेली गाणी पुन्हा घ्यायची नाहीत. नाटक थांबलं तरी चालेल, ती जागा पुन्हा ऐकू दे, ही हाव व्हिएन्नाच्या दरबारी रसिकाला होती आणि पिटातल्या आपल्या माणसालाही. मला ती फार मोलाची वाटते.

बॅलेचं मूळ इटलीच्या दरबारांत, पण तो वाढला फ्रेंच दरबारात. ‘स्वान लेक’ मॉस्कोत आलं तेही १८७७ साली, आपल्या जुन्या मिलच्याच वर्षी. आपल्याकडे मात्र बॅले हा शब्द नृत्यनाट्यासाठी आला आणि शाळेच्या गॅदरिंगपुरता रुजला. ती आवड इथं अजून व्हायची आहे.

१९३१-३२ मध्ये बोलपट आले आणि गाणारं नाटक बसलं. जी गाणी ऐकायला रात्र काढावी लागायची, तशी गाणी काही आण्यांत पडद्यावर मिळू लागली. मंडळ्यांचे मोठे संच, पगार, प्रवास यांचा खर्च निघेना. गाण्याची भूक होतीच, म्हणून १९६० च्या दशकात जितेंद्र अभिषेकींच्या नव्या चालींनी ती पुन्हा जागी झाली. १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’त वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब सगळ्यांना आठवतात. त्यांच्यासमोर झरीना होऊन गाणाऱ्या फैय्याज सोलापूरच्या. दख्खनीच्या गावातून आलेली मुलगी मराठी रंगभूमीवर उर्दू वळणाची भूमिका गाते, यात मला आपल्या गावाचा सगळा इतिहास दिसतो. २०१५ साली बेळगावच्या नाट्यसंमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या.

सोलापूरचं दुसरं नाव दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेलांचं. जन्म पंढरपूरचा, शाळा सोलापूरची हरिभाई देवकरण. प्रा. श्रीराम पुजारी यांच्या घरी ते राहिले, आणि त्या घरात कुमार गंधर्वांसारख्यांची ये-जा होती. १९७२ साली पटेलांनी ‘घाशीराम कोतवाल’ उभं केलं तेव्हा नेपथ्याचं काम माणसांच्या भिंतीनं केलं: गाणारी, झुलणारी, वळली की दुसरंच काही होणारी भिंत. १९७८ चा ‘तीन पैशाचा तमाशा’ तर थेट ऑपेराच्या वंशावळीतला. लंडनचा ‘बेगर्स ऑपेरा’ (१७२८), त्यावरून नाटककार ब्रेश्ट आणि संगीतकार कुर्ट वाइल यांचा बर्लिनमधला ‘थ्रीपेनी ऑपेरा’ (१९२८), त्यावरून पु. ल. देशपांड्यांचं मराठी नाटक. श्रीमंतांच्या ऑपेराची खोड काढणारं नाटक अडीचशे वर्षांनी तमाशाच्या अंगानं आपल्याकडे आलं, तेही सोलापुरात शिकलेल्या दिग्दर्शकाच्या हातून. मराठी म्युझिकल कशी असावी याचं याहून चांगलं उत्तर मी पाहिलेलं नाही.

‘गाणं नको’ म्हणणाऱ्यांचीही परंपरा आहे आणि ती कमी प्रतीची नाही. १९५४ पासूनच्या राज्य नाट्य स्पर्धेनं गावोगावच्या हौशी कलाकारांना गद्य नाटकाची शिस्त लावली. सोलापुरात ‘नाट्य आराधना’सारख्या संस्था त्यातून कसदार झाल्या. अतुल कुलकर्णी राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जाण्याआधी तिथंच घडले. हुतात्मा स्मृती मंदिरात स्पर्धेचा प्रयोग पाहताना जी शांतता असते, ती संगीत नाटकाला कधीच मिळाली नाही.

१९८३ साली टोरांटोत ऑपेराच्या रंगमंचावर वर अनुवादाच्या ओळी झळकू लागल्या आणि ती प्रथा जगभर पसरली. न कळणाऱ्या भाषेतलं गाणं ऐकायची सोय झाली, असं त्याचं कौतुक होतं. माझी आजी घरात कानडी बोलायची, मराठी तिला बाजारापुरती यायची. पण पोळ्या लाटताना ती ‘सौभद्रा’तली पदं म्हणायची, शब्द जागोजाग मोडलेले, चाल मात्र जिथल्या तिथं. मी एकदा तिला एका पदाचा अर्थ विचारला. ‘रुसलीय ती, अन् हा समजूत काढतोय,’ ती म्हणाली आणि पुढचं कडवं सुरू केलं.