लॅपटॉपचं वायफाय कार्ड बदलणं एवढं किचकट का झालं?

पुण्याच्या तपकीर गल्लीत जुना लॅपटॉप घेऊन वायफाय कार्ड बदलायला गेलं, की दुकानदार किंमत सांगायच्या आधी मागचं झाकण उघडतो. आत कुठल्या जमान्याचा स्लॉट आहे, त्यावर सगळं ठरतं.

१९९९ साली सेकंदाला ११ मेगाबिट वेगाचं ८०२.११बी हे वायफायचं मानक आलं, तेव्हा बहुतेक लॅपटॉपमध्ये वायफाय नसायचंच. कडेच्या खाचेत पीसी कार्ड सरकवायचं. नवं हवं तर जुनं ओढून काढायचं. मार्च २००३मध्ये इंटेलचं सेंट्रिनो, म्हणजे प्रोसेसर, चिपसेट आणि वायफाय यांचा एकत्र संच, आलं आणि वायफाय लॅपटॉपच्या पोटात असणं हा रिवाज झाला. अँटेना स्क्रीनच्या कडेला, तिच्या वायरी बिजागरीतून खाली कार्डापर्यंत. स्लॉट मात्र बदलत गेला: मिनी पीसीआय, मिनी पीसीआय एक्सप्रेस, मग एम.२. एम.२ कार्डावरची अँटेनाची टोकंही आधीपेक्षा बारीक, त्यामुळे जुन्या वायरी त्यावर बसत नाहीत.

भारतात वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झला मात्र इमारतीबाहेर तशी मोकळीक ऑक्टोबर २०१८मध्ये मिळाली. मधल्या काळातले कितीतरी स्वस्त लॅपटॉप फक्त २.४चं कार्ड घेऊन आले, आणि आज कार्ड बदलायची वेळ येते ती बहुतेक यांच्यावरच. कोथरूडच्या एखाद्या सोसायटीत घरटी एक राउटर. या पट्ट्यात एकमेकांच्या आड न येणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. घरात फायबर आलं तरी असा लॅपटॉप रखडतोच.

त्यात काही कंपन्यांनी बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, मान्य कार्डांची यादी घातली. यादीबाहेरचं कार्ड लावलं की लॅपटॉप चालूच होत नाही. रेडिओच्या नियमांनुसार कार्ड आणि अँटेना यांची मान्यता एकत्र घेतलेली असते, हे त्यामागचं कारण. ते खोटं नाही. पण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूत आपल्याला एक कार्ड बदलता येऊ नये, हे मला आजही पटत नाही.

नंतर इंटेलने कार्डाचं बरंचसं काम चिपसेटकडे, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिपकडे, सोपवलं. म्हणून इंटेलची एएक्स२०० आणि एएक्स२०१ ही एम.२ कार्डं दिसायला सारखी असली, तरी २०१ फक्त इंटेलच्या ठरावीक नव्या मदरबोर्डवर चालतं. एम.२ स्लॉट असलेल्या एएमडीच्या किंवा जुन्या मशीनसाठी २००च मागा, आणि पैसे देण्याआधी कार्डावरचा आकडा स्वतः वाचा.