१२ वर्षं राहिलं म्हणून घर आपलं होत नाही

‘भाडेकरू १२ वर्षं राहिला की घर त्याचं होतं’, हा समज चुकीचा आहे. कोर्टात दावा किती काळात करायचा हे ठरवणाऱ्या १९६३ च्या मुदत कायद्यातली १२ वर्षं मालकाचा हक्क झुगारून उघडपणे ठेवलेल्या ताब्याची आहेत. भाडेकरू तर मालकाच्या संमतीनं राहतो. भाडं देणं म्हणजे मालकी मान्य करणंच. या खोट्या भीतीपोटी चांगल्या कुटुंबांना दरवर्षी बिऱ्हाड हलवायला लावतात, मुलांच्या शाळा तुटतात, याचं फार वाईट वाटतं.

मालकी नसली तरी भाडेकरू निराधार नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार मालकाला त्याचं पाणी-वीज सबळ कारणाशिवाय तोडता येत नाही. लेखी करार नोंदवण्याची जबाबदारीही मालकाचीच. नोंदवला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरतात.