व्यायाम आणि निरोगी तरुण डोळा : शंभर वर्षांच्या मोजमापाची पार्श्वभूमी

पहाटे पर्वतीच्या पायऱ्या धावत चढणाऱ्या तरुणाचा घाम आणि धाप कोणालाही दिसते. त्याच्या डोळ्यात त्या वेळी काय घडते, हे कळायला मात्र वैद्यकाला नेमक्या उपकरणांची वाट पाहावी लागली.

हेल्महोल्ट्झ यांच्या १८५१च्या नेत्रदर्शकाने जिवंत डोळ्याचा पडदा प्रथम स्पष्ट दिसला, १९०५मध्ये श्यॉट्झ यांनी डोळ्यातला दाब मोजण्याचे सुटसुटीत साधन दिले आणि १९५०च्या दशकात गोल्डमन यांच्या टोनोमीटरने ते मोजमाप भरवशाचे केले. तपासताना भुलीचा आणि पिवळ्या रंगाचा थेंब घालतात. निळ्या उजेडात दिसणाऱ्या दोन हिरव्या अर्धवर्तुळांच्या आतल्या कडा एकमेकींना भिडल्या की तबकडीवरचा आकडा वाचतात. हा दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असतो.

व्यायामाचा प्रश्न प्रथम या आकड्याभोवतीच फिरला, कारण मोजता येत होते ते एवढेच. पुढे ‘एरोबिक्स’ हा शब्द लोकप्रिय करणारे केनेथ कूपर ज्यात सहभागी होते, तो व्यायाम आणि डोळ्यातला दाब यांवरचा अभ्यास १९६७चा. धावण्याने किंवा सायकल चालवण्याने दाब काही मिलिमीटरने उतरतो आणि विश्रांतीनंतर पूर्वपदावर येतो, हे अशा अभ्यासांतून दिसत गेले. श्रमाने स्नायूंत तयार होणारे लॅक्टेट हे द्रव्य रक्तात वाढते, रक्त दाटते आणि डोळ्यातले पाणी ओढून घेते, हे त्याचे एक कारण मानले जाते.

श्वास रोखून वजन उचलताना मात्र दाब चढतो. शीर्षासनात तो आणखी चढतो, आणि हे पुण्याच्या वाचकाला जवळचे वाटावे : लोणावळ्याच्या कैवल्यधामात १९२४पासून योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू झाला आणि बी. के. एस. अय्यंगार १९३७मध्ये योग शिकवण्यासाठी पुण्यात आले. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील संशोधकांनी २००६मध्ये ७५ योगाभ्यासींवर केलेल्या अभ्यासात शीर्षासनाच्या वेळी दाब सुमारे दुप्पट झाल्याचे आढळले. तरीही त्यांच्यात कायमच्या वाढलेल्या दाबाचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त नव्हते. काचबिंदू असलेल्यांनी मात्र यातून धीर घेऊ नये, त्यांचा प्रश्न वेगळा आहे.

माझ्या मते खरे वळण आले ते दाबाकडून रक्तप्रवाहाकडे लक्ष गेले तेव्हा. डोळ्यातले बहुतेक रक्त पडद्यामागच्या कोरॉइड या थरातून वाहते. चार्ल्स रिव्हा आणि सहकाऱ्यांनी १९९७मध्ये, उकिडवे बसून राहण्याच्या श्रमात, डोळ्याकडे रक्त ढकलणारा दाब बराच वाढूनही या थरातला प्रवाह त्या मानाने फारच थोडा वाढतो, असे दाखवले. निरोगी तरुणांवरच असे प्रयोग करण्याचे कारणही हेच आहे : आजार किंवा औषध मध्ये नसताना डोळा स्वतःला कसा सांभाळतो, ते त्यांच्यात दिसते.

प्रकाशकिरणांनी डोळ्यातल्या थरांची प्रतिमा घेणाऱ्या १९९१च्या ओसीटी तंत्राने, आणि २००८नंतर अधिक खोल प्रतिमा मिळू लागल्यावर, कोरॉइडची जाडीही मोजता येऊ लागली. व्यायामानंतर ती बदलते का, यावर निष्कर्ष जुळत नाहीत, कारण ही जाडी दिवसभरातही कमीजास्त होत असते. शिवाय एकदम भरपूर पाणी प्यायल्यास डोळ्यातला दाब चढतो. त्यामुळे पर्वती उतरून बाटलीभर पाणी घटाघटा प्यायलेल्या तरुणाचा आकडा आणि कोरड्या घशाने थेट तपासणीला बसलेल्याचा आकडा एका रकान्यात मांडता येत नाही.