झाडं मोजायचीपण नोकरी असते का?

माझ्या बॅगेत कायम चार लोखंडी खिळे, सुतळीचं भेंडोळं, एक टेप आणि दोन पेन्सिली असतात. पेन नाही, कारण आमच्याकडच्या पावसात शाई पसरते आणि पेन्सिलीनं लिहिलेलं पान भिजलं तरी वाचता येतं. सप्टेंबरात सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर जायचं, चार कोपऱ्यांना खिळे ठोकून सुतळी ताणायची, एक मीटर बाय एक मीटरची चौकट करायची आणि मग गुडघे टेकून आत जे जे उगवलंय ते सगळं मोजायचं. मी हे काम करते म्हणून पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा मावशीनं अगदी काळजीनं विचारलं होतं, "गे बाय, झाडं मोजायचीपण नोकरी असते का?" असते, आणि या नोकरीत नक्की काय करतात ते मला नीट सांगायचंय, कारण दरवर्षी दोन-तीन मुलं तरी वर्ग संपल्यावर मागे थांबून हेच विचारतात.

बॉटनी म्हटलं की लोकांना वाटतं झाडाचं नाव सांगायचं, झालं. नाव सांगता यायलाच हवं, त्यात सूट नाही. पण मतदारयादीत गावातली सगळी नावं असली तरी कोण कुणाच्या शेजारी राहतं, कुणाची विहीर सामायिक आहे, कोण गाव सोडून गेलं नि त्याच्या घरात आता कोण राहतंय हे त्या यादीवरनं कळत नाही. व्हेजिटेशन इकॉलॉजी म्हणजे ही शेजाऱ्यापाजाऱ्यांची गोष्ट. किंदळ आणि माट्टी एकत्र का दिसतात, जांभ्या दगडावर एक झाड टिकतं आणि दुसरं का मरतं, आज इथे जे उभं आहे ते पन्नास वर्षांनी असेल का, असले प्रश्न. (माट्टी म्हणजे देशावरच्या लोकांचा ऐन, मगरीच्या पाठीसारखी साल असलेला, आमच्या गोव्याचं राज्यझाड.)

सड्याचंच घ्या. वर माती कुठे दोन इंच, कुठे तीही नाही. फेब्रुवारीत बघितलात तर काळाकुट्ट तापलेला दगड आणि वाळलेलं गवत, म्हणून कागदोपत्री अशा जमिनीला बऱ्याचदा पडीक म्हणतात. आणि तोच सडा सप्टेंबरात बघा. माझी एक चौकट उथळ डबक्याच्या काठाला आहे, तिच्यात नाक खुपसून बसलं की आधी दिसतात गेंदाची पांढरी बटणं, मग त्यांच्या मधून डोकावणारी सीतेची आसवं, जांभळी, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, आणि अजून खाली दगडाला चिकटून दवबिंदूची लाल पानं, प्रत्येक केसावर चिकट थेंब. यातली दोन शिकारी आहेत बरं का. दवबिंदू चिलटं चिकटवून धरतो. सीतेच्या आसवांची शिकार ओल्या मातीत चालते, मुळांसारख्या धाग्यांवर टाचणीच्या टोकाएवढे फुगे असतात, एखादा सूक्ष्म जीव दाराच्या केसाला लागला की दार उघडून पाण्यासकट तो आत ओढला जातो आणि या सगळ्याला सेकंदाचा हजारावा भागसुद्धा लागत नाही. या वनस्पती मांसाहारी का झाल्या? कारण त्या मातीत नायट्रोजन जवळजवळ नाहीच, पावसाच्या पाण्यानं सगळं धुवून नेलेलं. दगडात जे मिळत नाही ते किड्यातून घ्यायचं. शेजारी एक बुटकं गवत असतं, ग्लायफोक्लोआ, त्याच्या बहुतेक जाती असल्या जांभ्याच्या सड्यांशीच बांधलेल्या आहेत आणि एका जातीच्या तर नावातच गोवा आहे, ग्लायफोक्लोआ गोएन्सिस.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राउनकियेर नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञानं एक साधा प्रश्न विचारला होता: वाईट दिवसांत झाड आपला कोंब कुठे लपवतं? मोठी झाडं फांदीवर उघड्यावर ठेवतात, गवतं मातीलगत, कंदवाली मातीखाली, आणि काही सगळंच सोडून देतात, फक्त बी उरतं. या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक जातीपुढे लिहीत सड्याची यादी केली तर बहुतेक सगळे बीवाले आणि कंदवाले निघतात. म्हंजे सडा मेलेला नसतो, आठ महिने तो जमिनीखाली असतो. म्हणून एप्रिलमधे गाडीतून उतरून अर्ध्या तासात "इथे काही नाही" असं लिहून जाणाऱ्या सर्व्हेचा मला खरोखर राग येतो. गोव्याचं क्षेत्रफळच मुळात ३,७०२ चौरस किलोमीटर, त्यात सडे सपाट, रस्त्याला जवळ, बांधकामाला सोयीचे. मोपाच्या सड्यावर २०२३च्या जानेवारीपासून विमानं उतरतात. विमानतळ हवा की नको यावर लोकांची मतं वेगवेगळी असतील, पण कुठल्याही सड्याचा निर्णय घ्यायच्या आधी त्याचा एक पावसाळा तरी कुणीतरी गुडघ्यावर बसून मोजलेला असावा, यावर मतभेद का असावा?

मोजायचं कशाला, डोळ्यांना दिसतं की, असं खूप जण म्हणतात. १८९८ साली अमेरिकेत नेब्रास्काच्या माळरानावर पाउंड आणि क्लेमेंट्स या दोघांनाही आधी तसंच वाटलं होतं. मग त्यांनी पाच-पाच मीटरच्या चौकटी आखून एकेक रोप मोजलं आणि डोळ्यांनी वाटलेलं आणि मोजून निघालेलं काही केल्या जुळेना. उठून दिसणारं फूल आपल्याला जास्त वाटतं आणि मुकाट्यानं पसरलेलं गवत आपण बघतच नाही. तिथून चौकट आमच्या शास्त्राचं मुख्य हत्यार झाली. (यातला पाउंड वकीलही होता आणि पुढे हार्वर्डच्या लॉ स्कूलचा डीन झाला, पुरावा मोजून घ्यायची सवय तिथेही कामाला आली असणार असं मला वाटतं.) जिथे एकेक रोप मोजणं शक्य नाही तिथे ब्राउन-ब्लांके या स्विस माणसाची पट्टी वापरतात, एखाद्या जातीनं चौकटीचा पाच टक्क्यांहून कमी भाग झाकला असेल तर १, पंचाहत्तर टक्क्यांच्या वर असेल तर ५. झाडांचा घेर छातीच्या उंचीवर, आपल्याकडे १.३७ मीटरवर टेप गुंडाळून घेतात, प्रत्येक झाडाला तीच उंची, नाहीतर माझा घेर आणि तुमचा घेर यांची तुलनाच होणार नाही.

मग येतो आकडा. विविधता मोजायचं आमचं सगळ्यात वापरातलं सूत्र टेलिफोनच्या जगातून आलंय, क्लॉड शॅनननं १९४८ साली संदेशांमधली माहिती किती हे मोजायला काढलेलं. कल्पना सोपी आहे. डोळे मिटून एका झाडाला हात लावा आणि ते कुठलं हे आधीच ओळखून दाखवा. काजूच्या बागेत तुम्ही दर वेळी "काजू" म्हणाल आणि दर वेळी बरोबर याल, म्हणजे विविधता शून्य. म्हादईच्या खोऱ्यातल्या रानात तुमचा अंदाज बहुतेक वेळा चुकेल, आणि अंदाज बांधणं जितकं अवघड तितका आकडा मोठा. पण इथे मला विद्यार्थ्यांना दर वर्षी थांबवावं लागतं. मोठा आकडा म्हणजे चांगलं रान असं नसतं! रस्ता रुंद करताना उकरलेल्या कडेला रानमोडी, टाकळा आणि कुठूनकुठून आलेली तणं मिळून जातींची संख्या मस्त भरते, आणि जिथे मोजकीच झाडं आहेत पण तशी झाडं दुसरीकडे कुठे नाहीत अशी जागा आकड्यात गरीब दिसते.

अशी एक जागा आमच्या सत्तरी तालुक्यात आहे. बांबरची निरंकाराची राय, म्हणजे देवराई. बाहेर ऊन असतं आणि दहा पावलं आत गेलं की काळा चिखल, कमरेपर्यंत थंडावा, आणि चिखलातून वर आलेली गुडघ्यासारखी वाकलेली मुळं, इतकी की पाय कुठे टाकायचा ते बघून टाकावं लागतं. हे रानटी जायफळाच्या कुळातल्या झाडांचं पाणथळ जंगल, इंग्रजीत ज्याला मिरिस्टिका स्वॉम्प म्हणतात ते. साचलेल्या चिखलात हवा नसते, मुळं गुदमरतात, म्हणून झाड मुळाचा गुडघा चिखलाच्या वर काढतं आणि त्यातून श्वास घेतं. यातल्या एका जातीच्या बीवरची लाल जाळी बाजारात रामपत्री म्हणून विकतात. बी मोठं आणि लाड करावं लागणारं, वाळलं की मेलं, म्हणून ते पोत्यात भरून वर्षभर ठेवता येत नाही, दुसरीकडे नेऊन कधीही पेरता येत नाही, ओल्या जागी लवकर पडलं तरच रुजतं. धनेशासारखे मोठे पक्षी गर खाऊन बी थोडं लांब टाकतात, बस्स, तेवढाच त्याचा प्रवास. पश्चिम घाटात अशी कितीतरी पाणथळ जंगलं भातशेती आणि सुपारीच्या बागांत गेली, कारण बारमाही पाणी आणि काळी माती माणसालाही हवीच असते.

मग ही राय राहिली कशी? मी एमएस्सीला असताना पहिल्यांदा गेले तेव्हा बरोबर आलेल्या काकांनी चिखलात शिरायच्या आधी चपला काढायला लावल्या आणि माझ्या हातातला छोटा कोयता बघून म्हणाले, "बाय, ही देवाची राय. हांगा कोयतो लावपाक जायना." मी कोयता बॅगेत घातला, नमुन्यासाठी खाली पडलेली पानं आणि फळंच उचलली. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास करून जे जगापुढे मांडलं ते हेच होतं, की गावानं देवाच्या नावानं राखलेल्या या तुकड्यांमधे आजूबाजूला संपलेली झाडं शिल्लक आहेत. वर्तकांनी तर त्याआधीच, १९६६ साली, गोमंतकातल्या वनस्पतींची यादी छापली होती, आणि आजही एखादं झाड आपल्याकडे आधी कुणी पाहिलं होतं का हे शोधताना ती उघडावी लागते. करिअर करिअर म्हणतात ते माझ्या मते हे, साठ वर्षांनी कुणीतरी तुमची यादी उघडतं.

आणि म्हणून मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते एकदा मोजणं नाही, परत तिथेच जाऊन मोजणं. इंग्लंडमधे रॉथमस्टेडला एका गवताळ कुरणावर १८५६ साली सुरू केलेला प्रयोग अजून चालू आहे, सुरू करणारे कधीच गेले, कुरण मोजलं जातंय. पनामातल्या बॅरो कोलोरॅडो बेटावर ५० हेक्टर जंगलातलं एक सेंटिमीटरहून जाड प्रत्येक खोड १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून दर पाच वर्षांनी मोजतात. आपल्याकडे मुदुमलाईत तसाच ५० हेक्टरचा प्लॉट १९८८पासून आहे. एकदा मोजलं की फक्त कोण आहे ते कळतं, परत मोजलं की कोण मेलं, कोण जन्मलं, दुष्काळाच्या वर्षी कुणी तग धरला ते कळायला लागतं.

२०२३च्या मार्चमधे म्हादई अभयारण्यात वणवे लागले तेव्हा सगळे विचारत होते, काय काय गेलं? याचं खरं उत्तर आगीनंतर जाऊन मिळत नाही. आगीच्या आधीच्या वहीत ते असावं लागतं. ज्या उतारावर कुणाचीच जुनी चौकट नाही तिथे आपण राख बघतो आणि हळहळतो, पुढे काही बोलू शकत नाही.

आता करिअरचं. बीएस्सी बॉटनी, एमएस्सी, मग सीएसआयआरची नेट ही परीक्षा, तिच्यात जेआरएफ म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३पासून महिन्याला ३७,००० रुपये फेलोशिप, मग पीएचडीची पाच-सहा वर्षं. गोवा विद्यापीठ आहेच, बाहेर जायचं तर बेंगळुरूला आयआयएससीचं सेंटर फॉर इकॉलॉजिकल सायन्सेस, डेहराडूनची वन्यजीव संस्था, पुद्दुचेरीची फ्रेंच इन्स्टिट्यूट जिथे दक्षिण भारताच्या वनस्पतींचे नकाशे तयार झाले. आर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस शिकाच, त्याच्याशिवाय आता चालत नाही. पण रस्ता सरळ आहे असं मी कुणालाच सांगत नाही. पीएचडीनंतर मी चार वर्षं लेक्चर बेसिसवर शिकवलं, जूनमधे ऑर्डर यायची, एप्रिलमधे संपायची, आणि ज्या दोन महिन्यांत पगार नसायचा नेमक्या त्याच दिवसांत जायफळाची बी पडायची. एका ठिकाणी मला सांगितलं गेलं की एकाच जागी परत परत मोजण्यात नवीन काय आहे, प्रोजेक्टमधे नवीन काहीतरी दाखवा. ते अजून लागतं मनाला. झाडाचं आयुष्य दोनशे वर्षं आणि प्रोजेक्ट दोन वर्षांचा, हा हिशेब कुणीतरी बदलायला हवा, आणि तो आतल्या लोकांनीच बोलून बदलेल.

नावं शिकायला मात्र कुठलं कॉलेज लागत नाही. माझी पहिली परीक्षा माटोळी होती. चवथीच्या आदल्या दिवशी बाबांबरोबर रानात जायचं आणि गणपतीच्या वर बांधायला कवंडळ, कांगलां, घागऱ्या, नागकुडा, कुड्याच्या शेंगा शोधून आणायच्या, कुठली वेल कुठल्या झाडावर चढते, कुठलं फळ ओढ्याच्या काठालाच मिळतं हे सगळं चालता चालता. आता मी विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी तेच करायला लावते, घरच्या माटोळीतल्या प्रत्येक वस्तूपुढे ती कुठून आणली आणि ती शोधायला आजोबांना जितकं चालावं लागायचं त्यापेक्षा आज जास्त चालावं लागतं का, एवढं लिहून आणायचं. गेल्या वर्षी एका मुलीनं कांगल्यांपुढे लिहिलं होतं, "बाजारातून. आजी म्हणते पूर्वी मागच्या दारी होती."

गेल्या पावसाच्या तोंडावर आम्ही राईच्या कडेला, चपला काढून, रानटी जायफळाची बी रुजून आलेली रोपं शोधली आणि अकरा रोपांजवळ ॲल्युमिनियमचे नंबर असलेल्या काड्या रोवल्या, रोपाला हात न लावता. डिसेंबरात गेलो तेव्हा सात होती. तीन नंबरच्या रोपाचा शेंडा कुणीतरी खाल्ला होता पण खालून नवा कोंब सुटला होता, नखाएवढा, तांबूस. वहीत तसंच लिहिलंय, "३, जिवंत, शेंडा नाही, कोंब १". येत्या मे महिन्यात परत जायचंय.