विषाणूसंसर्गानंतरची ढास आणि खोकल्याच्या रूपातला दमा

सर्दी-ताप उतरून तीन आठवडे झाले तरी कोरडी ढास थांबत नसेल, तर तिच्यामागे बहुधा संसर्गाने मागे ठेवलेली चिडचिड असते. क्वचित मात्र केवळ खोकल्याच्याच रूपाने प्रकटणारा दमा असतो. दोन्हींत छातीचा एक्स-रे स्वच्छ येतो, रात्री उबळ येते आणि दम्याची खूण मानली जाणारी घरघर दुसऱ्यातही ऐकू येत नाही. त्यामुळे दोघांनाही सर्रास एकच पंप लिहून दिला जातो.

पहिल्या प्रकारात श्वासनलिकेचे आतले अस्तर सोलवटलेले असते आणि तिथल्या संवेदनशील चेतातंतूंना थंड हवा, हसणे किंवा नुसते बोलणेही ढास लागायला पुरते. अस्तर भरून आले, की खोकला बहुधा आठ आठवड्यांच्या आत आपोआप जातो, आणि तोवरचा काळ सुसह्य करणे एवढेच औषधाचे काम उरते. डांग्या खोकल्याची शंका नसेल तर अँटिबायोटिक निरुपयोगी आहे. श्वासनलिका सैल करणाऱ्या इप्राट्रोपियमच्या पंपाने काहींना उतार पडतो. झोप मोडत असेल तर खोकला दाबणारे डेक्स्ट्रोमेथॉर्फन थोडे दिवस घेता येते, पण त्याची अपेक्षा माफकच ठेवावी. माँटेलुकास्ट हे दमा-ॲलर्जीवरचे औषध आपल्याकडे अशा खोकल्यावर सढळ हाताने दिले जाते, तरी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत ते औषधाचा आभास देणाऱ्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही. स्टिरॉइडच्या गोळ्यांचेही तसेच: दमा नसलेल्या प्रौढांना छातीच्या ताज्या संसर्गात रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन पाच दिवस देऊन पाहिले, तेव्हा खोकल्याचे दिवस कमी झाले नाहीत, असे २०१७ मध्ये दिसून आले.

दम्यात दाह टिकून राहतो, म्हणून तिथे स्टिरॉइडचा पंप हाच उपचाराचा कणा असतो, आणि माँटेलुकास्टचाही उपयोग होऊ शकतो. उतार एखाद्या आठवड्यात जाणवू लागला, तरी खोकला पूर्ण थांबायला कधी कधी आठ आठवडे लागतात.

नेमकी इथेच फसगत होते. सहाव्या आठवड्यात पंप सुरू केला आणि आठव्यात खोकला गेला, तर श्रेय औषधाचे की काळाचे, हे सांगता येत नाही. तरीही कागदावर दम्याचे निदान कायमचे चिकटते. स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी, या दम्यात बऱ्याचदा सामान्य येते, आणि श्वासनलिका किती चटकन आकुंचन पावतात हे पाहणारी मेथाकोलिन चाचणी नुकत्याच झालेल्या विषाणूसंसर्गानंतरही काही काळ दम्यासारखाच दोष दाखवू शकते. त्यामुळे ॲलर्जीचा किंवा घरातल्या दम्याचा इतिहास, व्यायामाने येणारी उबळ आणि दर ऋतुबदलाला परतणारी ढास यांना अधिक वजन द्यावे लागते.

अर्थात हा सगळा विचार करण्यापूर्वी, भारतात दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर क्षयरोगासाठी थुंकी तपासून घ्यावी, आणि रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू आहे का, हे डॉक्टरांना सांगावे, कारण ढास त्या गोळीचीही असू शकते.