शिळ्या फ्रेमचा प्रश्न

1991 साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीच्या भांड्यावर रोखलेला एक कॅमेरा 128 गुणिले 128 बिंदूंचे कृष्णधवल चित्र मिनिटाला सुमारे तीनदा दाखवत असे, आणि भांडे भरलेले आहे की रिकामे एवढेच पाहायचे असल्यामुळे ते पुरेसेही होते. घरात फिरणाऱ्या छोट्या रोबोटचे तेवढ्याने भागत नाही. त्याला सेकंदाला 30 फ्रेम, म्हणजे चित्रणातली एकेक चित्रे, द्यायच्या ठरवल्या, तर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला जेमतेम 33 मिलिसेकंद येतात.

हौशी मंडळींच्या आवडत्या ईएसपी32 या स्वस्त चिपवर हा हिशोब करून पाहावा. 640 गुणिले 480 बिंदूंची रंगीत फ्रेम, बिंदूला दोन बाइट धरल्यास, 6,14,400 बाइटची होते. चिपच्या आतली मेमरी 520 किलोबाइटची, म्हणजे एक फ्रेमसुद्धा तिच्यात मावत नाही. बाहेरून मेमरी जोडली तर जागा मिळते. पण सेकंदाला सुमारे 147 मेगाबिट वाय-फायवरून पाहणाऱ्याकडे पाठवायचे कसे? या चिपच्या वाय-फायचा वेग कागदावरच 150 मेगाबिट आहे आणि प्रत्यक्षात तो बराच कमी भरतो. म्हणूनच तिच्या जोडीला नेहमी दिसणारा ओव्ही2640 हा कॅमेऱ्याचा सेन्सर मला फार विचारपूर्वक घडवलेला वाटतो: जेपेग कॉम्प्रेशनचे, म्हणजे चित्राचा डेटा आटवण्याचे, सर्किट त्याच्या स्वतःच्या चिपवरच असल्याने प्रोसेसरकडे येतो तो आधीच आटवलेला डेटा. एच.264 या व्हिडिओ आटवण्याच्या पद्धतीत फ्रेमांमधला फरक तेवढा साठवला जात असल्याने डेटा आणखी घटतो, मात्र त्यासाठी मागच्या फ्रेम हाताशी ठेवाव्या लागतात आणि एखादी वाटेत हरवली, तर तिच्यावर विसंबलेल्या पुढच्या फ्रेमही बिघडतात. सुटी जेपेग फ्रेम हरवली, तर तेवढीच जाते.

खरी कसोटी बफरची, म्हणजे फ्रेम तात्पुरत्या साठवण्याच्या जागेची, असते. वाय-फाय क्षणभर अडखळले की फ्रेमची रांग लागते आणि ती क्रमाने पाठवत बसल्यास पाहणाऱ्याला मागे पडलेले दृश्य दिसते. ध्वनिचित्रमुद्रणात प्रत्येक फ्रेम मोलाची असते. थेट चित्रणात मात्र शिळी फ्रेम टाकून सर्वांत ताजी तेवढी उचलावी.

अंधुक उजेडात स्वयंचलित एक्स्पोजर, म्हणजे सेन्सर प्रकाश गोळा करतो तो वेळ, लांबत जाते, त्यामुळे फ्रेमचा वेग मंदावतो आणि हलत्या रोबोटला सगळे फरफटलेले दिसते. अशा वेळी एक्स्पोजरला कमाल मर्यादा घालून दाणेदार चित्र पत्करावे, कारण त्यात निदान खुर्चीचा पाय कुठे आहे ते कळते.