मराठा आरमाराची डागडुजी व रसद

सतराव्या व अठराव्या शतकांत कोकण किनाऱ्यावर मराठ्यांची लढाऊ जहाजे दुरुस्त ठेवण्याची आणि त्यांना पैसा, धान्य, लाकूड व दारूगोळा पोहोचवण्याची व्यवस्था. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यानंतर छत्रपती शिवाजी महाराजांनी आरमाराची उभारणी सुरू केली. आरमाराच्या लढायांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण गुराब (दोन-तीन डोलकाठ्यांचे मोठे लढाऊ जहाज) किंवा गलबत (त्याहून लहान, वेगवान जहाज) लढाईपर्यंत धडपणे पोहोचवणारे सुतार, लोहार, दोर वळणारे आणि कोठारांवरचे कारकून यांची दखल त्या मानाने फारच थोडी घेतली गेली, ही उणीव मोठी आहे.

या व्यवस्थेचे वेळापत्रक पावसाने ठरवले होते. खवळलेल्या समुद्रामुळे वर्षाचे सुमारे चार महिने जहाजे बाहेर काढता येत नसत. म्हणून पाऊस लागण्यापूर्वीच आरमार किल्ल्याच्या आश्रयाला, खाडीत किंवा बंदरात छावणीस आणावे लागे. लाकूड पोखरणाऱ्या सागरी किड्यांमुळे तळाच्या फळ्या सतत खराब होत. त्या बदलणे, फटींत कापूस ठासून वर राळ व तेल चढवणे, काथ्याचे दोर नव्याने वळणे आणि शिडे शिवणे ही कामे नारळी पौर्णिमेनंतर समुद्र खुला होईपर्यंत उरकली नाहीत, तर त्या वर्षीची मोहीम लंगडी पडे.

मोठ्या जहाजाचा तळ उघडा करण्यासाठी ते कोरड्यावर घ्यावे लागते. त्यासाठी विजयदुर्गापासून जवळच वाघोटण खाडीवर, गिर्ये गावच्या हद्दीत, खडक फोडून सुमारे 109 मीटर लांब व 70 मीटर रुंद गोदी तयार केलेली होती. उधाणाच्या भरतीबरोबर जहाज आत घ्यावयाचे आणि पाणी ओसरल्यावर तळाचे काम करावयाचे, असे या ठिकाणी भरती-ओहोटीलाच राबवून घेतले जाई. आज गोदीचा बराचसा भाग गाळाने भरलेला आहे.

लाकडाचा प्रश्न त्याहून अवघड होता. डोलकाठी, सोट व तख्ते यांसाठी सागवानासारखे थोर लाकूड लागे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे राज्यकारभाराची धोरणे सांगणाऱ्या ग्रंथात, ते सरकारच्या परवानगीने आपल्या अरण्यांतून तोडावे व उरलेले परमुलखातून विकत आणावे, असे सांगितले आहे. आंबा व फणस यांचे लाकूडही उपयोगी असले तरी त्याला हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, हे त्यामागचे कारण. युद्धाची निकड असतानाही पुरवठ्याला अशी मर्यादा घालणारे हे कलम या विषयातील सर्वांत मोलाचे मानावे लागेल. वाऱ्याविना न हलणारी अवजड जहाजे बांधू नयेत, मध्यम आकाराच्या गुराबा सजवाव्यात, असेही तेथे म्हटले आहे. दुरुस्तीच्या दृष्टीनेही हा सल्ला शहाणपणाचा होता, कारण कोकणातल्या उथळ खाड्यांत मध्यम जहाजच सहज वर नेता येते.

रसद अडली तर काय होते, हे सिद्दीच्या ताब्यातील जंजिरा या जलदुर्गावरच्या मोहिमेत दिसले. 1670च्या दशकात जंजिऱ्याजवळच्या पद्मदुर्ग या जलदुर्गाकडील आरमारासाठी दौलतखान व दर्यासारंग या आरमाराच्या सरदारांना ऐवज (पैसा) आणि गल्ला (धान्य) पोहोचता करण्याचा हुकूम प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला होता. त्याने तो पाळला नाही, तेव्हा महाराजांनी त्याला अत्यंत कडक पत्र लिहिले आणि ब्राह्मण म्हणून कोणी मुलाहिजा करणार नाही, असे बजावले. याच दशकात चिपळूण तालुक्यात तळ देऊन असलेल्या घोडदळालाही पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा व वैरण आधीच उधळू नये, रयतेकडून काही ओढून आणू नये आणि उंदीर पेटती वात नेऊन गवताच्या गंजींना आग लावतील, याची खबरदारी घ्यावी, असे लिहिलेले आढळते. दोन्ही पत्रांत शत्रूइतकीच चिंता कोठाराची आहे.

जलदुर्गावर गोडे पाणी हीच पहिली रसद असे. मालवणच्या सिंधुदुर्गावरील, 1664 मध्ये बांधकाम सुरू झालेल्या या किल्ल्यातील, दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरी चहूकडे खारे पाणी असूनही गोड्या पाण्याच्या आहेत.

फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांनी पेशव्यांशी संगनमत करून विजयदुर्गावर हल्ला केला, तेव्हा पेशव्यांशी वैर आलेले मराठा आरमारप्रमुख तुळाजी आंग्रे यांचे आरमार बंदरात एकमेकांना लागून उभे होते. तोफमाऱ्याने एका जहाजाला लागलेली आग पसरत जाऊन जवळजवळ सारे आरमार जळाले. पुढे पेशव्यांचे आरमार विजयदुर्गावरूनच धुळप घराण्यातील आरमारप्रमुखांच्या हाताखाली चालले.